घराची दारं मोजून घरातली नाती कळतात का?

नकाशेवाला

मंडळी, माझं काम घरांचे आराखडे काढायचं. गेल्या आठवड्यात एका कुटुंबाबरोबर बैठक झाली. तीन तास चालली आणि त्यातले दोन तास एका दारावर गेले. स्वयंपाकघरातून थेट बाहेर जाणारं दुसरं दार हवं की नको? नवरा म्हणे, कशाला उगाच चोराला वाट. बायको हळूच म्हणाली, "मला दर वेळी बैठकीतून, सगळ्यांच्या समोरून बाहेर पडायचं नाहीये." सासरे तिथेच बसले होते. मग कुणी काही बोलेना. मीही पेन्सिल खाली ठेवली.

तेव्हापासून एकच विचार घोळतोय. लोक पिढ्यानपिढ्या ज्या ठेवणीची घरं बांधत आले, तिच्यावरून त्यांची समाजरचना ओळखता येते का? वंश आईकडून की बापाकडून, मान कुणाला, परका कुठवर, बाईने कुठून यायचं-जायचं, हे सगळं?

या विषयाची सुरुवात बहुतेक जण लुईस हेन्री मॉर्गन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञापासून करतात. १८८१ साली त्याने अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या घरांवर सविस्तर लिहिलं. त्याचं लाडकं उदाहरण इरोक्वॉय लोकांच्या लांबघराचं. स्वतःला ते हौडेनोसौनी म्हणवतात, म्हणजेच 'लांबघराची माणसं'. खांब-वाशांचा सांगाडा, वर एल्मच्या सालीचं आच्छादन, दोन्ही टोकांना दारं आणि मधून सरळ बोळ. बोळात ओळीने चुली. प्रत्येक चुलीच्या अल्याड एक कुटुंब, पल्याड एक, चूल दोघांत सामाईक. एका घरातल्या बाया एकमेकींच्या आया, बहिणी, मावश्या, मुली. नवरे मात्र बाहेरून आलेले. मुलींची लग्नं झाली, जागा पुरेना, की घर टोकाला वाढवायचं. उत्खननात शंभर मीटरपर्यंत लांब घरांच्या खुणा सापडल्या आहेत. दारावर कुळाचं चिन्ह: अस्वल, कासव, लांडगा.

त्यांच्या पाच राष्ट्रांच्या संघाची कल्पनाही याच घरावर बेतलेली. मोहॉक हे पूर्वेच्या दाराचे राखणदार, सेनेका पश्चिमेच्या दाराचे आणि मधली चूल ऑनॉन्डागांकडे. राज्यघटना म्हणून घराचाच आराखडा वापरलेला दुसरा समाज मला तरी आठवत नाही.

तुमच्याकडची उदाहरणं येऊ द्या.

गोगलगाय

झकास धागा. वाचनखूण साठवली.

लांबघरातल्या नवऱ्यांबद्दल एक भर. सेनेका लोकांत वर्षानुवर्षं राहिलेल्या एका मिशनऱ्याने लिहून ठेवलंय की घरातल्या साठ्यावर बायकांचा ताबा असे. शिकार आणायला कुचराई करणाऱ्या नवऱ्याला कधीही सांगितलं जाई, उचल तुझी घोंगडी आणि चालू लाग. त्याची पोरं कितीही असोत, सामान कितीही असो. एखादी मावशी किंवा आजी मध्ये पडली तरच बिचारा वाचायचा. आता घर डोळ्यांसमोर आणा. त्याचा बिछाना बोळाकडे उघडा, बोळात दहा चुली आणि प्रत्येक चुलीपाशी बायकोच्या माहेरची माणसं. भांडून दार आपटायची सोयच नाही, कारण आपटायला दारच नाही!

शंकासुर

उदाहरण छान आहे. पण घर लांब म्हणजे वंश आईकडून, असा निष्कर्ष निघणार असेल तर मी आत्ताच हात वर करतो.

बोर्निओतल्या सारावाकमध्ये इबान लोकांचंही लांबघर असतं. खांबांवर उभं, नदीकाठी, एका छपराखाली वीस-तीस कुटुंबं. लांबून बघितलं तर मॉर्गनला हर्षवायूच झाला असता. पण इबानांत वंश ना फक्त आईचा ना फक्त बापाचा. मुलगा असो वा मुलगी, एक अपत्य घरात राहतं आणि तेच घर पुढे चालवतं. प्रत्येक कुटुंबाची स्वतःची खोली, तिला बिलिक म्हणतात. ती ज्याची त्याने बांधलेली, ज्याच्या त्याच्या मालकीची. चूल आत आणि वेगळी, शेत वेगळं, भात वेगळं. पटेनासं झालं की कुटुंब आपल्या वाट्याच्या फळ्या-खांब काढून दुसऱ्या लांबघराला जाऊन जोडून घेई. म्हणजे बाहेरून संयुक्त कुटुंबाचा कळस आणि आतून बघावं तर शेजार.

आकार तोच, समाज दुसराच. आता बोला.

आडवी_तुळई

शंकासुरांनी दिलेलं उदाहरण त्यांच्यावरच उलटतंय असं मला वाटतं. 🙂

आकार सारखा आहे, पण रचना कुठे सारखी आहे? इरोक्वॉय घरात चूल बोळात, बिछाने बोळाकडे उघडे. इबान घरात लांबच लांब सामाईक पडवी असते, तिला रुआई म्हणतात, आणि प्रत्येक बिलिकचं बंद होणारं दार त्या पडवीत उघडतं. गप्पा, विणकाम, पाहुणे, सभा हे सगळं पडवीत. जेवण आणि भांडण दाराआड. चूल कुठे आहे आणि दार कुठे आहे या दोनच गोष्टी बघा. दोन्ही समाजांतला फरक तिथेच पडलेला दिसतो.

त्याच बेटावर कायान आणि केन्याह लोकांचीही लांबघरं आहेत. त्यांच्यात उच्चनीच दर्जे होते: सरदार घराणी, सामान्य लोक, पूर्वी गुलामही. तिथे सरदाराचं घर ओळीच्या मध्यभागी, इतरांपेक्षा मोठं आणि छप्परही उंच. इबानांत जन्माने मिळणारी सरदारकी नाही, तर छपराची ओळही सपाट. म्हणजे एकाच बेटावर, जवळपास एकाच हवामानात, तेच लाकूड वापरून दोन वेगळे समाज दोन वेगळी छपरं बांधतात. पाऊस आणि ऊन यांच्यामुळेच घराला रूप येतं असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगावं.

पायपीट

मी अभ्यासक वगैरे नाही, नुसता भटक्या. मंगोलियातल्या गेरमधली फजिती सांगतो.

गेर म्हणजे जाड नमद्याचा गोल तंबू. आत एकच खोली, भिंत एकही नाही. मला वाटलं, इथे कसले आलेत नियम! बुटकं दार, वाकून आत शिरलो आणि सवयीने उजवीकडे वळून मोकळ्या जागी बसायला गेलो. घरातली बाई मान खाली घालून हसली. म्हाताऱ्याने तोंडातून शब्द न काढता हाताने डावीकडे खूण केली. मी बसायला निघालो होतो तिथे भांडी, दुधाची बादली, तिची कामाची जागा. गेरचं दार दक्षिणेला असतं. आत शिरताना डावीकडे येते ती पश्चिम, पुरुषांची आणि पाहुण्यांची बाजू: खोगीर, लगाम, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची कातडी पिशवी. उजवीकडची पूर्व बाईची. दारासमोर, चुलीपलीकडे उत्तरेला मानाची जागा, देव आणि वडीलधारे तिथे. तरणी पोरं दाराजवळ. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे मला आधीच सांगितलं होतं म्हणून तेवढी अब्रू वाचली.

मजा म्हणजे हे घर वर्षातून तीन-चारदा उचलून दुसऱ्या कुरणात नेतात. जमीन बदलते, डोंगर बदलतात, पण खोगिराची जागा तसूभर हलत नाही. भिंत नसताना इतक्या खोल्या मी दुसरीकडे कुठे पाहिल्या नाहीत.

पागोळी

पायपीट, शेवटचं वाक्य फार आवडलं.

आता जरा आईकडच्या वंशाकडे परत येते, कारण शंकासुरांना खोडून काढायला अजून माल आहे. पश्चिम सुमात्रातले मिनांगकाबाऊ लोक. त्यांचं रुमा गडांग, म्हणजे मोठं घर. छपराची टोकं शिंगांसारखी वर वळलेली, फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण मला छपरापेक्षा मागच्या खोल्यांत रस आहे. पुढे अख्ख्या लांबीचं मोकळं दालन आणि मागे छोट्या छोट्या खोल्यांची ओळ. खोल्या कुणाच्या? घरातल्या बायकांच्या. नुकतं लग्न झालेलीला टोकाची खोली. धाकट्या बहिणीचं लग्न झालं की ती खोली तिला आणि थोरली पुढच्या खोलीत. असं सरकत सरकत बाई आयुष्यभर त्या ओळीतून प्रवास करते.

पुरुषांना खोलीच नाही! मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की रात्री झोपायला सुराउमध्ये, म्हणजे गावातल्या प्रार्थनेच्या आणि शिक्षणाच्या जागी. लग्न झालं की रात्री बायकोच्या घरी पाहुणा. आपल्या आईच्या घरात तो मामा म्हणून मोठा माणूस, निर्णयांत त्याचा शब्द चालतो, पण पाठ टेकायला हक्काचा कोपरा नाही. अधिकार एकीकडे आणि अंथरूण दुसरीकडे. हे मला कुठल्याही वंशावळीच्या तक्त्यापेक्षा त्या खोल्यांच्या ओळीतून जास्त नीट कळलं.

गोगलगाय

@पागोळी, केरळातल्या नायरांच्या तरवाडातही, म्हणजे आईच्या वंशाच्या एकत्र कुटुंबाच्या घरातही, अधिकार आणि अंथरूण यांची अशीच फारकत होती. मधलं अंगण, चार दिशांना चार सोपे, म्हणून नालुकेट्टु. कारभार कारणवराकडे, म्हणजे आईच्या वंशातल्या ज्येष्ठ पुरुषाकडे. त्याची स्वतःची मुलं मात्र त्यांच्या आईच्या तरवाडात. नवरे रात्री येत आणि सकाळी परत जात. कायद्याने मालमत्तेची वाटणी सुरू झाली तशी ही घरं टिकेनात: त्रावणकोरात १९२५, मद्रास इलाख्यात १९३३, आणि शेवटी १९७५चा केरळचा एकत्र कुटुंब पद्धती रद्द करणारा कायदा. चार सोप्यांचं घर आठ जणांत कसं वाटणार? अंगणाचे तुकडे करता येत नाहीत. पुष्कळ घरं उतरवून त्यांचं सागवान विकलं गेलं.

शंकासुर

ठीक, दारं आणि चुली बघायच्या हे मान्य. तरी माझी शंका शिल्लक आहेच. ही सगळी उदाहरणं अशी आहेत की समाज आपल्याला आधीच माहीत आहे आणि मग आपण घरात तो शोधतो. उलटा प्रवास करून दाखवा. माणसं गेलीत, भाषा गेली, फक्त जोतं उरलंय. आता सांगा, लग्न करून कोण कुणाच्या घरी जायचं?

तुर्कस्तानातलं चाताल्ह्योयुक घ्या. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची वस्ती. गल्ल्या नाहीत, घरं एकमेकांना चिकटलेली, छतातून शिडीने आत उतरायचं. मेलेली माणसं घरातल्याच ओट्याखाली पुरलेली. कुणालाही वाटेल, एका घरात पुरलेले सगळे एकाच रक्ताचे. २०११ साली त्यांच्या दातांच्या ठेवणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि निघालं काय, तर एकाच घरात पुरलेली माणसं एकमेकांची जवळची नातलग असल्याचं काही दिसेना. घर एक आणि रक्त वेगळं. झाली की पंचाईत!

पागोळी

त्या गोष्टीचा पुढचा भाग तुम्ही सोयीस्कर गाळलात. २०२५ साली तिथल्या सांगाड्यांच्या डीएनएचा मोठा अभ्यास आला. जुन्या थरांत एका घरात पुरलेल्यांची नाती दिसली, आणि ती बहुतांशी आईच्या बाजूने. पुढच्या काळात हे धागे सैल होत गेले. म्हणजे घर काहीतरी सांगत होतं, पण सगळ्या शतकांत तेच सांगत नव्हतं.

आणि उलट्या प्रवासाचा प्रयत्नही झालाय. मेल्विन एम्बर या मानववंशशास्त्रज्ञाने १९७३ साली अनेक समाजांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या आणि घराच्या सरासरी जमिनीवरून अंदाज बांधला. साधारण ५५० ते ६०० चौरस फुटांच्या वर गेलात की बहुधा नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. त्याखाली असाल तर बहुधा बायको नवऱ्याकडे जाते. कारण काय असावं? एकत्र वाढलेल्या बहिणी एका छपराखाली संसार करू शकतात. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या जावा-जावांना एका छपराखाली ठेवलं की… पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

(नंतरच्या अभ्यासात हा नियम शेती करणाऱ्या समाजांपुरताच बऱ्यापैकी टिकला. हे शंकासुर सांगणारच होते, म्हणून मीच सांगून टाकते.)

शंकासुर

सांगणारच होतो. 😀 जावा-जावांचा सिद्धांत मात्र बिनशर्त मान्य.

आडवी_तुळई

एकाच नवऱ्याच्या अनेक बायका असतील तर काय होतं, त्याचं चोख उत्तर दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूंच्या जुन्या वस्तीत आहे. मधोमध गुरांचा गोल गोठा, भोवती गोल झोपड्या. मुख्य फाटकाच्या बरोबर समोर, वरच्या टोकाला थोरलं घर. बाकीच्या बायकांच्या झोपड्या डाव्या-उजव्या हाताला दर्जाप्रमाणे. प्रत्येक बायको म्हणजे एक स्वतंत्र घर, त्याला नेमून दिलेली गुरं वेगळी, त्याचा वारस वेगळा. फाटकात उभं राहिलं की वारसाहक्काचा तक्ता वाचता येतो.

पायपीट

जरा वेगळा प्रश्न. समाज घर घडवतो हे कळलं. पण घर मोडलं की समाजही मोडतो का?

नकाशेवाला

याचं सगळ्यात बोचरं उत्तर ब्राझीलमधलं आहे. बोरोरो लोकांचं गाव गोल. मध्ये पुरुषांचं घर, भोवती झोपड्यांचं कडं. एका काल्पनिक रेषेने गावाचे दोन भाग आणि लग्न नेहमी पलीकडच्या भागात. तुमची झोपडी कड्यावर कुठे आहे त्यावरून तुमचं कूळ, तुमचे विधी, तुमच्या मयताला कोण काय करणार, हे सगळं ठरलेलं. सलेशियन या कॅथलिक संघाच्या मिशनऱ्यांना लवकरच उमगलं की यांचा धर्म बदलायचा तर आधी वर्तुळ मोडायला हवं. घरं सरळ ओळींत बांधून दिली. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस १९३५-३६च्या सुमारास तिथे गेला होता. त्याने नोंदवलंय की ओळीत राहायला लागल्यावर लोकांना आपल्या चालीरीतींची दिशाच कळेनाशी झाली. त्यांची व्यवस्था इतकी गुंतागुंतीची होती की गावाचा नकाशा समोर असल्याशिवाय ती डोक्यात राहीना.

आम्ही आराखडेवाले सरळ रेघा किती सहज मारतो, ते आठवून अंगावर काटा आला होता.

पागोळी

अल्जीरियातल्या काबिल लोकांचंही तसंच. त्यांच्या घराचं वर्णन पिएर बूर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने इतकं बारीक केलंय की ते वाचून घर बांधता येईल. खालचा अंधारा तिसरा हिस्सा गुरांचा, वरचा उजेडाचा दोन तृतीयांश माणसांचा. मधला दुबेळक्याचा खांब म्हणजे बाई आणि त्यावर टेकलेली मुख्य तुळई म्हणजे पुरुष. (आडवी_तुळई, तुमचं आयडी तिथूनच का?) पण त्याने हे काम केलं ते अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, १९५४ ते ६२च्या दरम्यान. फ्रेंच सैन्याने वीस लाखांहून जास्त खेडूत उठवून छावण्यांत नेले होते, सरळ ओळींत आखलेल्या. त्या वर्णनातलं घर इतकं नेटकं, इतकं परिपूर्ण का वाटतं, हा प्रश्न मग पडतोच. हरवलेलं घर आठवणीत जास्त व्यवस्थित होतं.

आडवी_तुळई

आयडी तिथूनच. पकडलंत.

धागाकर्त्यांच्या दाराकडे परत येऊ या, ते मागेच राहिलं. बिल हिलियर आणि ज्युलिएन हॅन्सन या वास्तुरचनेच्या अभ्यासक जोडीने १९८४ साली एक सोपी युक्ती मांडली. भिंती, मापं, दिशा सगळं विसरा. कागदावर तळाला एक टिंब काढा, ते 'बाहेर'. प्रत्येक खोलीचं एक टिंब. जिथे दार तिथे दोन टिंबांमध्ये रेघ. बाहेरून एका दारात पोचता येणाऱ्या खोल्या पहिल्या ओळीत, दोन दारं लागणाऱ्या दुसऱ्या ओळीत, असं वर वर जा. कोण किती खोल आहे ते लगेच दिसतं. बीजिंगच्या जुन्या चौकघराचं असं चित्र काढा. पहिल्या अंगणाशी नोकर आणि आलेगेले. मग दुसरा दरवाजा, परक्याला इथवरच. आत उत्तरेला थोरले, पूर्वेला मोठा मुलगा, पश्चिमेला धाकटा. आणि सगळ्यात मागे, सगळ्यात खोल, घरातल्या मुली.

पण कोण किती खोल यापेक्षा महत्त्वाची गोष्ट दुसरी. टिंबांचं चित्र झाडासारखं आहे की त्यात कुठे कडी बनते? झाड असेल तर आतल्या टिंबाला बाहेर यायला एकच वाट, आणि त्या वाटेवरच्या टिंबात जो बसलाय त्याच्या नजरेतून सुटका नाही. कडी असेल तर दोन वाटा. इंग्लंडात सतराव्या शतकात श्रीमंतांच्या घरांत मागचा जिना आणि बोळ आले, ते नोकरांनी पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून. तिथे दुसरी वाट मालकाच्या सोयीची होती. तुमच्या त्या बाईंना ती स्वतःसाठी हवी आहे, एवढाच फरक. सध्या त्या झाडाच्या फांदीवर आहेत. एका दाराने कडी होईल.

नकाशेवाला

काल पुन्हा बैठक झाली. आडवी_तुळई यांच्या युक्तीने दोन चित्रं काढून नेली, एक दाराशिवाय, एक दारासकट. काही समजावलं नाही, नुसती टेबलावर ठेवली. नवरा बराच वेळ बघत राहिला. बाईंनी बैठकीच्या टिंबावर बोट ठेवलं, मग स्वयंपाकघराच्या, आणि बोट नव्या रेघेवरून सरळ 'बाहेर'पर्यंत नेलं.

मग सासऱ्यांनी चष्मा लावला आणि आपल्या खोलीचं टिंब शोधलं. सगळ्यात मागचं होतं. म्हणाले, "मी फिरायला निघालो की चौघं विचारतात कुठे चाललात. मलाही एक दार काढा."

शंकासुर

एकूण किती झाली मग?

नकाशेवाला

तीन. चोराचा विषय काही पुन्हा निघाला नाही.